मेहनती आणि विश्वासू

लीड्सच्या एका लॅबमध्ये मी जंतूंवर काम करते. ज्या जंतूंवर औषधं चालेनाशी होतात, ते पेशंटच्या नमुन्यात लवकर कसे ओळखायचे, हा माझा विषय. ओळखण्याची एक नवी पद्धत मी इथे बसवली. कितीतरी वेळा ती फसली, पण एकदा जमल्यावर आसपासच्या हॉस्पिटलांमधून लोक ती शिकायला माझ्याकडे येऊ लागले.

माझा व्हिसा मात्र नोकरीला बांधलेला होता. प्रोजेक्ट संपला की गाशा गुंडाळायचा. म्हणून मी संशोधकांसाठी असलेल्या, गुणवत्तेवर मिळणाऱ्या व्हिसासाठी अर्ज केला. तो मिळाला तर पुढे कायमचं राहता येतं. त्यासाठी शिफारस लागते. ती माझ्या प्रोफेसरांनी परस्पर पाठवली, आणि ती वाचावी असं मलाही वाटलं नाही.

अर्ज नामंजूर झाला. कारण असं दिलं होतं, की शिफारशीत अर्जदाराला मेहनती आणि विश्वासू सहकारी म्हटलं आहे. तिचं स्वतंत्र संशोधन कोणतं, ते त्यातून कळत नाही.

मेहनती आणि विश्वासू! दुकानदार जुन्या नोकराबद्दल बोलतो तसं. त्यातच युरोपातून आलेल्या माझ्या सहकाऱ्याला त्याच सुमारास त्याच व्हिसासाठी मान्यता मिळाली. ही पद्धत मीच त्याला हाताला धरून शिकवली होती. प्रोफेसरांनी त्याच्याबद्दल ‘मूलभूत विचार करणारा’ असं लिहिलं होतं. त्याने ते मला दाखवलं तेव्हा बिचारा स्वतःच ओशाळला होता.

शनिवारी आम्ही लंडनला, पिनर भागात, नणंदेकडे गेलो. जेवताना नणंदेचे यजमान मला समजावत राहिले, की सही प्रोफेसरांचीच लागणार आहे, तेव्हा जरा गोडीत घे. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, सॉलिसिटर आहे. ती एवढंच म्हणाली, “मामी, हा तुझा चूक नाही. यू मस्ट टेल हिम.” एरवी तिचं मराठी आम्ही लगेच सुधारतो. त्या दिवशी कोणी सुधारलं नाही.

सोमवारी मी प्रोफेसरांच्या खोलीत गेले. नामंजुरीचं कारण ऐकून त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. माझ्याविषयी आपण चांगलंच लिहिलं होतं, असं ते म्हणाले. मग घाईघाईने म्हणाले, “असं करा, मजकूर तुम्हीच लिहून आणा. मी सही करतो.”

तिथे माझं डोकं फिरलं.

“नाही,” मी म्हटलं. “मी लिहिणार नाही. ही पद्धत कोणी बसवली, हे तुम्ही रोज पाहत होतात. परिषदेत ती सांगताना तुम्हाला शब्द कमी पडत नाहीत.”

ते म्हणाले, “मला वाटायचं, तुम्हाला पुढे पुढे करायला आवडत नाही.”

“मला कधी विचारलंत?”

दुपारी ते लॅबमध्ये आले, माझ्याशेजारी स्टूल ओढून बसले आणि सुरुवातीपासून काय काय केलं ते विचारत गेले. पुढची शिफारस त्यांनी स्वतः लिहिली. दुसऱ्या खेपेला मान्यता मिळाली, आणि काही वर्षांनी, यंदा, इथे कायमचं राहण्याची परवानगीही.

लॅबमध्ये केक आणला होता. प्रोफेसरांनी छोटंसं भाषण केलं, आणि हिच्याबद्दल मला पहिल्यापासून खात्री होती, असं सगळ्यांना सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हसून केक खाल्ला.

घरी आल्यावर नवऱ्यापुढे मात्र मी तणतणत राहिले. तो शांतपणे म्हणाला, “अगं, मिळालं ना आता सगळं?”

मिळालं. आनंदही झाला. पण ते मिळालं माझ्याच कामाच्या जोरावर, आणि ते काम माझं आहे हे एका माणसाकडून वदवून घ्यायला मला भांडावं लागलं. ते मी का विसरू?