काळ्या टोपातली चुंबळ

मनीषनगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये फ्रीजवर एक काळंभोर, आतून पोकळ लाकडी डोकं ठेवलेलं आहे. बारीक डोळे, मिटलेलं इवलंसं तोंड, वर उंच कोरलेला अंबाडा, मानेला जाड वळ्या. माझी लेक सिएरा लिओनमध्ये नोकरी करते, तिनं मागच्या सुटीत आणलं. शेजारची सून ते बघून म्हणाली, "काहून वं काकू, नजर लागू नये म्हणून ठेवलं का?" मी हो म्हटलं. एकट्या बाईच्या घराला कोण नजर लावणार आहे.

लेकीनं सांगितलं होतं, "आई, हे टोप कोरतात माणसं, पण घालतात फक्त बाया. पोरी वयात आल्या की त्याईले रानात नेऊन ठेवतात. तिथं सगळं चांगलंच होते असं नाही. पण परत आणताना एक बाई हा टोप घालून नाचत त्याईले गावात आणते."

मला पहिल्यांदा कावळा शिवला तेव्हा मागच्या खोलीत गोणपाटावर बसवलं होतं. मग डोक्यावरून पाणी घेतलं आणि भांडी घासायला लागले. माझ्यासाठी कोणी नाचलं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

जाताना लेक म्हणाली, "मी कायमची परत आली ना, तर तू हा टोप घालून दार उघडजो."

थट्टाच ती, पण मी मनावर घेतली. टोप डोक्यात घातला की खाली घसरायचा आणि डोळ्यांच्या फटी हनुवटीशी यायच्या. म्हणून तिच्या जुन्या ओढणीची चुंबळ केली, लहानपणी पाण्याचा गुंड डोक्यावर घ्यायला करायचो तशी. मग नीट बसला. दुपारी पडदे ओढून हॉलमधून दारापर्यंत चालायची सवय केली. गुडघे कुरकुरायचे, पण त्या वेळी एकटं वाटायचं नाही. काहीतरी काम होतं.

परवा तिचा फोन आला. तिकडेच घर घेतलं, आता तिकडेच राहणार.

"तुले राग तर नाही आला?"

"मले काहून येईल वं? खूश राहा."

फोन ठेवल्यावर मला फार वाईट वाटलं. निवलेलं वरण गरम केलं, पण जेवले नाही.

मग टोप खाली काढला. ओढणी सोडून धुवायला टाकावी म्हणून आत हात घातला. चुंबळ माझ्या डोक्याच्या मापाची झाली होती. ती तशीच राहू दिली.

दुपारी मी अजून टोप घालून दारापर्यंत जाते, आणि तिथून एकटीच परत येते.