गोलामागचा आवाज

आधीच सांगतो, इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचत आलोय. वाचायचे, हसायचे आणि मित्रांना फॉरवर्ड करायचे. आम्ही बौद्ध, घर मध्य प्रदेशात, बालाघाटला. वडिलांनी अंगारे-धुपारे कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की लोक वळसा घालायचे, आमचे वडील मुद्दाम ओलांडून जायचे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. मधेमधे हिंदी आलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ रोशन आमच्या वॉर्डाच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. हिवाळ्यात इकडे गावोगाव टुर्नामेंट असतात. टीम जिथे जाईल तिथे आम्ही वॉर्डातली पोरं पिकअपमध्ये ढोल टाकून मागोमाग. लामता, लालबर्रा, तिरोडी, काही सोडलं नाही. दुसऱ्याच्या मैदानावर जाऊन शिव्या खाण्यात जी मजा आहे, ती घरच्या मैदानावर नाही.

माझी जागा ठरलेली होती, रोशनच्या गोलामागे. तिथून मी बोलत राहायचो — "डावीकडे पाह", "पुढं निंघ", "थांब". तो कधी वळून बघायचा नाही, नुसता ऐकायचा. वळला की गोल झालाच म्हणून समजा. माझ्या शब्दावर डोळे मिटून झेप घ्यायचा तो. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

हे सगळं सुरू झालं ते तिरोडीला, तिथलं मैदान मॅंगनीजच्या खाणीजवळ आहे. एका गोलामागे खाणीतून काढलेल्या काळ्या दगडमातीचा मोठा ढीग, आणि ढिगापलीकडे जुनी बंद खदान, पाण्याने भरलेली. दुपारी पोचलो तर तिथली चहावाली मावशी म्हणाली, "पाहुणे होय का? त्या ढिगाकडच्या गोलामागं नोका उभे राहू. आमचंही कोणी राहत नाही."

"काहून?"

"तिथं जो बोलते, त्याचा आवाज तिथंच राहून जाते."

मी खो-खो हसलो. पाहुण्या टीमच्या सपोर्टरचा पहिला नियम — गाववाले सांगतील त्याच्या उलट करायचं. पाणी पाजलं तरी वास घेऊन प्यायचं! मला वाटलं, आमच्या कीपरला एकटं पाडायचा हा यांचा डाव. पहिल्या हाफला रोशन त्याच गोलात होता. मी ढिगाला पाठ लावून उभा राहिलो आणि रोजच्यापेक्षा दुप्पट ओरडलो.

हाफटाइमच्या जरा आधी माझा आवाज गेला. घसा बसणं मला नवीन नाही... पण हे तसं नव्हतं. ना दुखणं, ना खवखव. तोंड उघडत होतो आणि आतून काहीच येत नव्हतं. पोरांनी माझी यथेच्छ टिंगल केली. दुसऱ्या हाफला मावशीच्या टपरीवर गरम पाण्याचा ग्लास घेऊन मुकाट्याने बसलो. रोशन आता समोरच्या गोलात होता आणि त्याच्यामागे कोणीही नव्हतं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघत होतो.

तसा खेळताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. शॉट बसायच्या आधीच हा झेपावलेला. पेनल्टीसुद्धा अडवली. आम्ही जिंकलो, ढोल वाजायला लागला, सगळे मैदानात नाचत घुसले. रोशन मात्र त्या गर्दीतून सरळ ढिगाकडे चालत गेला आणि चढायला लागला.

हाक मारायला आवाज नाही, म्हणून नुसता धावत सुटलो. ढिगावर पोचलो तर तो पलीकडच्या उतारावरून पाण्याकडे निघालेला, बुटाखालचे दगड घरंगळत होते आणि तो म्हणत होता, "हौ दादा, येऊन राह्यलो."

मी मागून जर्सी धरली. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे.

"तू इथं? मंग खाली कोण बोलावून राह्यलं? पूरा सेकंड हाफ तं तूच बोलत होता, दादा... पेनल्टीले उजवीकडं कूद म्हणे!"

मी मानेनेच नाही म्हटलं आणि जर्सी न सोडता त्याला मैदानात परत आणलं.

माझा आवाज हळूहळू परत आला, पण त्याला हाका ऐकू येणं थांबेना. मी दुकानात असायचो आणि घरी हा गल्लीतून दादानं बोलावलं म्हणून जेवणावरून उठायचा. एकदा तर नदीच्या वाटेवर सापडला. आई रडून रडून अर्धी झाली. शेवटी मीच त्याला आईची शपथ घातली. माझं तोंड दिसल्याशिवाय माझ्या हाकेला ओ द्यायची नाही, वळायचं नाही, जागचं हलायचं नाही. वडील असते तर मला हसले असते. पण त्याने शपथ पाळली, आणि हळूहळू हाका बंद झाल्या. तो पुन्हा खेळायला लागला. मी गोलामागे उभं राहणं सोडलं, त्याला दिसेन असा कडेला थांबायचो.

मग लालबर्र्याची मॅच. संपल्यावर रोशन मैदानाच्या कडेला, राइस मिलच्या रस्त्याजवळ, बूट सोडत बसला होता. धानाचा एक ट्रक रिव्हर्स घेत त्याच्याकडे यायला लागला, रोशनची ट्रककडे पाठ. मी बराच मागे, पिकअपमध्ये ढोल चढवत होतो. ढोल टाकला आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "रोशन! उठ! बाजूले हो!"

त्याला ऐकू गेलं. त्याचे खांदे ताठ झालेले मला दिसले. पण तो वळला नाही. दोन्ही हात कानांवर ठेवून, मान खाली घालून, तसाच बसून राहिला.

गोंदियाच्या दवाखान्यात नेताना गाडीत त्याने एकदा डोळे उघडले. "दादा, तो तूच होता का?"

"हौ रे," मी म्हणालो. गोंदिया यायच्या आत तो गेला.

लोक म्हणतात, ढिगावरून आवाज घुमत असेल. कोणी म्हणतं, माझ्या आवाजाची त्याला सवय लागली होती, मनाचे खेळ असतात. असतीलही... तिरोडीला त्याच्याशी कोण बोललं, हे मला आजही माहीत नाही. लालबर्र्याला मात्र मीच ओरडलो होतो.