फक्त हाच की सगळे?

चूक राणे काकांचीच. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत काहीही बिघडलं की बोट माझ्याकडे येतं. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि सोसायटीच्या ऑफिसात बसतो, म्हणजे आरोपी ठरलेलाच. पण काकांचे किस्से इतके साचलेत की आता ऑफिसच्या कपाटात मावत नाहीत.

काका आमच्या सांस्कृतिक मंडळाचे उपाध्यक्ष. जीव अडकलाय अध्यक्षपदात. गणपतीच्या स्थापनेच्या पूजेला अध्यक्ष जोडीने बसतो, आणि यंदा मंडळाचं पंचविसावं वर्ष. काकांनी नवं सोवळंसुद्धा आणून ठेवलेलं. इंप्रेशन मारायला त्यांनी मंडळ 'डिजिटल' केलं. नोटीस बोर्ड काढला आणि सगळ्यांच्या मोबाईलवर एकच कॅलेंडर टाकलं.

आता दर आठवड्याचा कार्यक्रम बदलायला गेलं की ते कॅलेंडर विचारतं, फक्त हाच बदलू की सगळे? मी समजवायला गेलो. काका म्हणाले, "अर्धवट सोडायची सवय तुझी. आपण सगळं करतो. आणि कॅलेंडरला हात लावायचा नाही."

ठीक. नाही लावत.

*

सी विंगमधले एक आजोबा गेले. त्या दिवसापुरता सकाळचा हास्यक्लब रद्द करायचा होता. काकांनी 'सगळे' दाबलं. रोज सकाळी मोबाईलवर काही येईना, म्हणून वॉचमन क्लबहाऊसचं कुलूप काढेना.

शेवटी हास्यक्लबच्या जाधव मॅडम ऑफिसात आल्या. बँकेतून रिटायर झालेल्या, आवाज अजून काउंटरपलीकडे जाईल असा. "राणे, माणूस एक गेला. सुतक कायमचं लावलंत का?"

*

त्यानंतर काकांनी 'सगळे'चा धसकाच घेतला. तेवढ्यात बी विंगमधल्या सईच्या वाढदिवसाचं हॉल बुकिंग केलं, तेही 'दर आठवड्याला' करून ठेवलं. दर शनिवारी, चार ते सात, सईचा पहिला वाढदिवस.

मी म्हटलं, "काका, एकदा 'सगळे' दाबा, पुढचे उडतील."

"नको रे बाबा, परत सुतक लागेल."

मग काका दर शनिवारी एकेक वाढदिवस हाताने उडवायचे. एका शनिवारी विसरले. चार घरांतली माणसं गिफ्ट घेऊन सईच्या दारात. तिचा बाप बर्म्युडावर बाहेर आला. "काका, पोरगी आता बूट घालून पळते. अजून किती वेळा एक वर्षाची करणार?"

*

मग संकष्टी. ती तिथीने येते, तारखेने नाही, हे शाळेतल्या पोराला कळतं. काकांनी आरती दर महिन्याच्या त्याच तारखेला लावली. "गणपतीच्या बाबतीत अर्धवट नको. सगळ्या टाकतो."

काकूंनी नवऱ्यावर भरवसा ठेवून उपास धरला. संध्याकाळी गच्चीत चंद्राची वाट बघत बसल्या. तो येईना, म्हणून शेजारणीच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. संकष्टी परवाच होऊन गेलेली. परवा जेवायला काय होतं, ते काकूंना चांगलं आठवत होतं.

भर आरतीत त्या म्हणाल्या, "संकष्टीला मला कोळंबी चारलीत तुम्ही!"

*

आणि मग निवडणूक. जुने अध्यक्ष पुण्याला मुलाकडे गेले, दुसरं कोणी उभं नव्हतं. मंडळाची मीटिंग दर पहिल्या रविवारी सकाळी दहाला, अध्यक्षाची निवड त्यातच. पण त्या सकाळी काकांना पनवेलला पुतण्याचा साखरपुडा. म्हणून त्यांनी तेवढी एकच मीटिंग संध्याकाळी सहावर नेली. 'फक्त हाच' दाबलं. बरोबर दाबलं. मलाच भरून आलं.

शनिवारी त्यांना वाटलं, लोक मीटिंगला उशिरा येतात. पुढच्या महिन्याची मीटिंग उघडून त्यांनी खाली लिहिलं, 'वेळेवर यावे', आणि दाबलं 'सगळे'. त्या सगळ्यांबरोबर उद्याची मीटिंगही परत दहावर गेली.

मी लगेच फोन केला. "काका, उद्याच्या मीटिंगची वेळ..."

"घरात कार्य आहे. मंडळाचं काही बोलू नकोस," म्हणाले आणि फोन बंद केला.

रविवारी लोक वेळेवर आले. पहिल्यांदाच. उपाध्यक्ष नाहीत म्हणून कोणीतरी अध्यक्षपदाला जाधव मॅडमचं नाव सुचवलं. पहिला हात काकूंचा वर. गुडघ्यांमुळे त्या साखरपुड्याला गेल्या नव्हत्या. मी बघतोय म्हटल्यावर मलाच म्हणाल्या, "दोन तास पाटावर बसायचं? गुडघे कोण देणार, तू?"

सहाला काका आले. इस्त्रीचा झब्बा, हातात पेढे. हॉलला मी कुलूप लावत होतो, काकू पायरीवर बसलेल्या.

"लोक कुठायत?"

"जेवून झोपले, उठले, फिरायला गेले."

"मला कळवलं का नाहीस?"

"तुमच्याच कॅलेंडरने कळवलं," काकू म्हणाल्या. "'वेळेवर यावे' म्हणून."

यंदा स्थापनेच्या पूजेला जाधव मॅडम आणि त्यांचे मिस्टर बसले. काकांनी मागे उभं राहून झांज वाजवली.