अडवलेलं आवतण

हे मी कुणाजवळही बोललेलं नाही. आईजवळ नाही, कामगार संघटनेतल्या सोबत्यांजवळ नाही. आणि ज्याच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवं होतं, त्या तानामामाजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? नीट ठाऊक नाही. एवढं मात्र सांगते, वाचताना तुम्ही अधूनमधून हसाल. हसा. त्या दिवसांत आम्ही सगळेच हसत होतो—तीच तर माझी पंचाईत आहे.

माझे बाबा कोल्हापुरात पत्रकं छापायचे. लग्नपत्रिका पोटासाठी, पत्रकं जिवासाठी. नव्वदच्या दशकातलं माझं लहानपण त्या कागदांना घड्या घालण्यात गेलं. कबनूरच्या यंत्रमाग कामगारांचा मोर्चा निघाला, की आमच्या घरातल्या सगळ्यांची बोटं शाईनं काळी. अक्षरं मी छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांवरून शिकले, म्हणजे आधी उलटी आणि मग सुलटी. छापखाना आईच्या भावाच्या, तानामामाच्या घरात तळमजल्यावर होता. "वर मामी, खाली क्रांती. मी मधल्या जिन्यात," असं मामा म्हणायचा.

मामा तालमीतला. गुडघा गेला तशी कुस्ती सुटली, रस्सा काही सुटला नाही. त्यानं गोव्याच्या उत्तर टोकाला, समुद्राकाठच्या एका गावात खाणावळ काढली. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, आणि नको म्हणालात तरी वाढणारच. गिऱ्हाईक कोण, तर दर हिवाळ्यात येऊन सहा-सहा महिने राहणारे गोरे. बहुतेक इंग्रज, बहुतेक म्हातारे.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात मंदी आली. तिकडं बँका बुडाल्या आणि इकडं त्या गावातल्या वाळूवर खाटा टाकणारे बेकार झाले. मी तेव्हा कॉलेज संपवून बाबांच्या छापखान्यातच बसत होते, आणि लगेच पत्रक लिहिलं. मंदीनं किनारा धुऊन काढला, सुखवस्तू पाहुणे पळाले, बरं झालं—असा त्याचा सूर. चौकात ते मोठ्यानं वाचलं गेलं, टाळ्या पडल्या. त्या दिवसापर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता, आणि एकाही गोऱ्या माणसाशी बोलले नव्हते. हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग मामाचा फोन आला. इंग्रजी बोलणारा वेटर काम सोडून गेला होता. "पोरी, तुझं इंग्रजी पत्रकात कुजायलंय. ये की हिकडं." मी गेले. मनात म्हटलं, पुढच्या पत्रकाला मजकूर मिळेल. गगनबावड्याचा घाट उतरताना मी वहीत शीर्षकंसुद्धा काढून ठेवली होती!

आणि तिथं काय दिसलं? खाटा एकावर एक रचून ताडपत्रीखाली बांधलेल्या. टॅक्सीवाले झाडाखाली पत्ते खेळत बसलेले. निम्मी दुकानं उघडलीच नव्हती. आणि पळालेले, लुटारू, सुखवस्तू पाहुणे? ते मामाच्या खाणावळीत लसूण सोलत होते.

केननं जन्मभर बस चालवली होती. त्याची बायको डोरीन इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुवायची. दोघांच्या तुटपुंज्या पेन्शनीत इंग्लंडात नुसता उबेचा खर्च भागायचा, इथं संसार व्हायचा. म्हणून म्हातारपणी ते वर्षातले सहा-सहा महिने इथंच राहायचे. आता पौंड घसरला होता. आधी त्यांची भाड्याची स्कूटर गेली, मग संध्याकाळची बिअर गेली, आणि आता खोली जायची वेळ आली होती.

अशा वेळी माणसं तोंड पाडून बसतात ना? मामानं काय केलं माहीत आहे? त्यानं रस्सा मंडळ काढलं. आमच्याकडं चार दोस्त मिळून शेतात जातात, ज्यानं-त्यानं काहीतरी आणायचं, चूल मांडायची, रस्सा करायचा आणि जमिनीवर पंगत मांडून खायचा. तेच त्यानं वाळूत मांडलं. गिऱ्हाईक नाहीच, तर मग मंडळच. एकानं नारळ आणला, एकानं कांदे, टॅक्सीवाल्यांनी लाकडं. केननं लसूण. डोरीन खोबरं किसायला बसायची आणि निम्मं खाऊन टाकायची. "वाईच," म्हणजे थोडंसं, एवढा एकच मराठी शब्द तिला पक्का येत होता. वाढायला गेलं की ताट पुढं करून "वाईच, वाईच" म्हणायची आणि तीनदा घ्यायची.

"काय केनआप्पा, मंदी लई हाय काय?" मामा पातेल्यामागून ओरडायचा.

"लई!" केन ओरडायचा, आणि नाकाडोळ्यांतून पाणी गाळत अजून रस्सा मागायचा.

मी इतकी कधीच हसले नव्हते. खरं सांगू? इतकी सुखी मी कुठल्याच मोर्चात नव्हते. केननं मला पोहायला शिकवलं. बस वळवताना हाताच्या खुणा करतात तशा काठावरून करायचा—डावीकडं घे, सरळ, ब्रेक! वही कोरीच राहिली. कोल्हापूरहून सोबती फोन करायचे, "शोषणाचं काय दिसतंय?" मी म्हणायचे, "भयंकर आहे." फोन ठेवायचा, आणि पंगतीत जाऊन बसायचं.

म्हणजे खोटं तेव्हाच सुरू झालं होतं. पण त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. पुढचं सांगते.

केन आणि डोरीननं खोली सोडून कायमचं परत जायचं ठरवलं. इंग्लंडात घर नव्हतं, लेकीच्या घरातली एक माळ्यावरची खोली होती. डोरीन त्या खोलीबद्दल बोलायला लागली की बोलता-बोलता थांबायची. मामानं हे पाहिलं आणि मला न विचारता मामीला फोन लावला. कोल्हापुरातल्या त्याच्या घरातली वरची मागची खोली रिकामीच होती. रंग काढायचा, आणि गुडघे दुखणारी माणसं म्हणून खुर्चीसारखा संडास बसवायचा. पेठेत तसला संडास आमच्या माहितीत कुणाकडं नव्हता. तो हातगाड्यावरून आला तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली. मामीचा फोन मामानं स्पीकरवर टाकला. "आवं, गवंडी इचारतोय, तोंड दाराकडं करू का भितीकडं? आणि शेजारची म्हातारी दोनदा बसून बघून गेली, तिला काय सांगू?" टॅक्सीवाले हसून हसून वाळूत लोळले. केनही हसला. कशाला हसतोय ते त्याला ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. आणि मला दुसरंच काही दिसत होतं.

ती खोली—छापखान्याच्या डोक्यावर. खाली माझं पत्रक, वर गॅलरीत गोरं जोडपं कपडे वाळत घालतंय. सोबती येतील, वर बघतील. काय म्हणतील? किनारा धुतला, आणि घाण घरी आणली? मी कल्पनेत त्यांचं हसणं ऐकलं. गंमत बघा, लाठीला मी कधी भ्याले नाही. त्या हसण्याला भ्याले.

दुसऱ्या दिवशी पंगत उठल्यावर मामानं दोघांना समोर बसवलं. हात धुऊन, सदरा बदलून आला होता. "सांग त्यास्नी," मला म्हणाला. "म्हणावं, आमचं घर तुमचं हाय. भाडंबिडं न्हाई. व्हिसा संपला की लेकीला भेटून या आणि परत थेट आमच्याकडंच उतरा. मरंस्तोवर ऱ्हावा म्हणावं. माझी बायको वाट बघायलीया."

मी केनकडं वळले. आणि इंग्रजीत म्हणाले—मामा म्हणतोय, कधीतरी कोल्हापूर बघायला या. आमच्याकडं सगळ्यांनाच असं म्हणायची पद्धत आहे. मनावर घ्यायचं नसतं. हात जोडून 'पुढच्या वेळी' म्हटलं की झालं.

कोल्हापूरचा माणूस आवतण देतो ते जेवायला बसवूनच सोडतो, नुसतं तोंडदेखलं बोलावणं आम्हाला जमतच नाही. मी माझ्या अख्ख्या गावाविरुद्ध खोटं बोलले.

डोरीन क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. काहीतरी विचारायचं होतं तिला, असं मला वाटलं. मग तिनं केनकडं पाहिलं. केननं शहाण्या मुलासारखे हात जोडले.

मामा माझ्या तोंडाकडं बघत होता. "काय म्हणत्यात?"

इथंही थांबता आलं असतं. थांबले का? "नको म्हणतात," मी म्हणाले. "आपल्यासारख्या घरात त्यांना जमायचं नाही म्हणतात."

हे शेवटचं वाक्य का घातलं? मामानं पुन्हा विचारू नये म्हणून. त्यानं नाहीच विचारलं. तो उठला, आणि दोघांच्या ताटात आणखी वाढायला घेतलं. जेवण झालेलं असताना. डोरीन म्हणाली, "वाईच." आणि ती दोघं पोट भरलेलं असताना ते सगळं संपवून उठली.

निघताना केननं मामाला मिठी मारली. मामानं त्याला पैलवानासारखं कमरेत धरून उचललं, गुडघ्याची पर्वा न करता. टॅक्सीवाल्यानं फुकट सोडलं त्यांना. डोरीन रडत होती आणि हसत होती. मीही हात हलवत होते, चांगली भाची होऊन. पुढच्या हिवाळ्यात ती दोघं आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

मामानं दोन वर्षांनी खाणावळ बंद केली आणि तो कोल्हापुरात परतला. गल्लीत गोऱ्यांचा विषय निघाला की अजून खुलतो. केनची नक्कल करतो, सगळ्यांना हसवतो, आणि शेवटी म्हणतो, "माणसं लई चांगली. आमचं घर बारकं पडलं त्यास्नी, त्याला ती तरी काय करणार?" मी तिथं असते. सगळ्यांबरोबर हसते.

मामा छापलेलं सगळं वाचतो, बाबांची सवय त्यालाही लागली आहे. हे मी छापायला देतेय, तर हेही वाचेल. केन आणि डोरीन वाचणार नाहीत. घर बारकं नव्हतं, आणि एका माणसानं त्यांना मरेपर्यंत राहायला बोलावलं होतं. ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. मी पोचू दिलं नाही.