ओढीची करवत

मी गाव सोडलं तेव्हा आबा रडले, सगळी वाडी रडली, एसटीच्या कंडक्टरनेसुद्धा रुमाल काढला, असं मी भांडुपच्या चाळीत वर्षानुवर्षं सांगत आलो. शेवंते, तू माझी सख्खी बहीण, तू तिथेच उभी होतीस. रुमाल काढला तो सीट पुसायला, हे तुला माहीत आहे. आणि आबा घरापुढच्या खळ्यात फणसाची फळी कापत बसले होते. फळी पायाच्या अंगठ्यांत घट्ट धरलेली, करवत दोन्ही हातांत, मान खाली. वर न बघताच म्हणाले, "करवत घेवन जा."

"मुंबयत उभ्यान काम करतत, आबा. जमनीर बसान कोण करीत नाय," मी म्हणालो. वय एकोणीस, अक्कल नऊची.

"उभ्यान काम करणारो एक तर कळस बसयता, नायतर पळता," आबा म्हणाले आणि पुन्हा कापायला लागले.

आबांची करवत ओढीची होती. दात आपल्याकडे वळलेले. पुढे नेताना नुसती सरकते, मागे ओढताना कापते. लहानपणी मी जोर लावून ती पुढे रेटायचो आणि आबांचं एकच वाक्य यायचं, "ढकलतंस कित्याक रे? ओढ. लाकूड आपणहून येता." मी एसटीत चढलो तरी तो आवाज येत होता. मुंबईपर्यंत आला, असंही मी सांगतो. ते मात्र फारसं खोटं नाही.

मुंबईत मी ढकलायला शिकलो. अंधेरीच्या कारखान्यात करवती ढकलायच्या, रंधा ढकलायचा, बाकाशी उभं राहून. पहिल्या दिवशी सवयीने खाली बसलो तर मुकादम म्हणाला, "काय मेस्त्री, पंगत बसलीय काय?" त्यानंतर मी दहा वर्षं बसलो नाही. जेवायलासुद्धा उभा, असं मी सांगतो.

आबा गेले ती तार मला तिसऱ्या दिवशी मिळाली. बाराव्याला पोचलो. माजघरात खुंटीला करवत टांगलेली होती. निघताना आये म्हणाली, "ह्या वेळेक तरी घेवन जा." मी म्हटलं, पुढच्या खेपेला. करवतीकडे बघायची हिंमत नव्हती, आणि आयेकडेही. आणि ती पुढची खेप चार वर्षं आली नाही. जे माझ्यासारखे गाव सोडून निघून आले त्यांना ही पुढची खेप काय असते ते सांगायला नको.

मग चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला मुलुंडच्या एका शेठच्या डोक्यात जपान शिरलं. विमानतळ जवळ, परदेशी माणसं उतरतात, म्हणून मरोळला टायरचं जुनं गोदाम घेऊन तिथे जपानी हॉटेल काढायचं. सुतारकाम माझ्याकडे. शेठने नकाशा म्हणून मला काय द्यावं? एका जपानी कॅलेंडरची बारा पानं! "मेस्त्री, एकदम जापान मंगता!" आम्ही फेब्रुवारीचं दार केलं, ऑगस्टच्या खिडक्या केल्या, नोव्हेंबरचा लांबलचक काउंटर. लाकूड मी फणसाचं लावलं. पिवळंधमक निघालं. शेठला म्हटलं, हे जपानच्या राजाच्या वाड्यातलं झाड आहे. शेठने ते प्रत्येक पाहुण्याला सांगितलं.

भिंतींच्या जागी सरकत्या जाळ्या होत्या. बोटाएवढ्या पट्ट्या, एकीत एक खाचा करून बसवायच्या आणि मागून पातळ कागद डकवायचा. अशा चाळीस जाळ्या. उद्घाटन दिवाळीच्या पाडव्याला.

नवरात्राच्या तोंडावर जपानहून मुख्य आचारी आला. त्याचं नाव मोरी. आपल्याकडे मोरी म्हणजे काय, हे त्याला सांगायची शेठची छाती झाली नाही. "मोरीसाहेब मोरीत हात धुतायत," असं आमचा रंगारी दिवसातून चारदा म्हणायचा आणि एकटाच हसायचा. मोरी म्हणजे हाडकुळा माणूस, भाषा कुठलीच नाही, नुसती मान. मान हलली तर ठीक, नाहीतर काम परत.

माझ्या जाळीसमोर मान हलली नाही. त्याने खाचेवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटात लाकडाचं कुसळ. मी दुसरी दाखवली, तिसरी, दहावी. सगळीकडे कडा फाटलेल्या. माझ्या हाताला लोक सोन्याचा म्हणायचे. (लोक म्हणजे मीच.) शेठ हळूच म्हणाला, "मेस्त्री, दो दिन देखता हूँ, नहीं तो दूसरा बुलाऊंगा."

मोरीने मला खुणेने बोलावलं. अर्धवट स्वयंपाकघरात फळीवर सुरमईचा तुकडा ठेवला. लांब सुरी मांसात टेकवून पुढे ढकलली. मांस फाटलं, कडा लोंबली. मग सुरी धुतली, पुसली, टेकवली आणि एकदाच, सावकाश, स्वतःकडे ओढली. काप काचेसारखा पडला. मग त्याने माझ्या करवतीकडे बोट केलं आणि मान आडवी हलवली. नाही.

शेवंते, माझ्या अंगावर काटा आला. आबांचं वाक्य तो जपानी न बोलता म्हणाला होता.

शेठच्या हातापाया पडून पंधरवडा मागून घेतला. चाळीतला तात्या दसऱ्याला गावी निघाला होता, त्याच्याकडे आयेला निरोप दिला: करवत पाठव. निरोप दिला आणि मला सुचलं, ती खुंटीवर खारट हवेत चार वर्षं लटकतेय. गंजून पापड झाली असेल.

खंडेनवमीला सकाळीच आम्ही हत्यारं मांडून पूजा केली, झेंडू वाहिले. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. माणसं घरी गेली, मी एकटाच जाळ्या मोजत राहिलो. ऐन बाराची वेळ. गोदामात चिटपाखरू नाही, आणि आवाज आला. घर्र. मग शांत. पुन्हा घर्र. मी वळलो. हत्यारं फुलं घालून गप्प पडलेली. आबांची करवत! मी ओळखली. फक्त एक बसत नव्हतं. आबांचा हात कधी मध्ये थांबायचा नाही, आणि हा आवाज प्रत्येक फटक्याला थांबत होता. आता वय झालं, दमत असतील, अशी मी मनाची समजूत घातली. मेलेला माणूस दमतो यात मला काही चमत्कारिक वाटलं नाही.

चार दिवसांनी तात्या गोणपाटात गुंडाळलेली करवत घेऊन आला. उलगडली तर गंजाचा ठिपका नाही. दातावर अंगठा ठेवला, रक्त आलं. चार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची करवत, आणि धार कालची! मुठीला हळदीकुंकवाचं ताजं बोट होतं, त्याकडे मी साफ दुर्लक्ष केलं. माझ्या गोष्टीत ते बसत नव्हतं.

मी जमिनीवर बसलो. पट्टी अंगठ्यांत धरली आणि ओढली. चाळीस जाळ्या झाल्या. मोरीने प्रत्येक खाचेवरून बोट फिरवलं, मग कमरेत वाकला. मला नव्हे, करवतीला वाकला. उद्घाटनाला मी थांबलो नाही. थेट गावी गेलो, आयेला भुताची गोष्ट सांगायला.

चुलीसमोर बसून रंगवून सांगितली. आबा कसे आले, कसे दमले, कशी धार लावून गेले. आये जाळ सारत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "भूत नाय रे. मी."

उजवा हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर कानशीचे बारीक पांढरे व्रण. "तेंनी कधी हत्याराक हात लावूक दिल्यांनी नाय. बघान बघान शिकलंय. दरसाल खंडेनवमीक, दुपारी, पूजेआधी. तू येशीत तेव्हा बोथट करवत हातात देवची काय?"

एक दात, एक फटका. मग कानस उचलायची, पुढचा दात बघायचा. घर्र. थांबा. घर्र.

चार वर्षं मी मेलेल्या बापाच्या भीतीने घरी गेलो नव्हतो, आणि मला झपाटत होती ती जिवंत आई.

चाळीत मात्र मी आबांच्या भुताचीच गोष्ट सांगितली, अजून सांगतो. लोकांना आवडते. खरी ही, तुझ्यासाठी. मरोळच्या त्या जागेत आता बँक आहे. जाळ्यांचं काय झालं, ठाऊक नाही. मोरी गेला, शेठ गेला, आयेही गेली. मी मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, खळं नाही. घर कुठे, असं कोणी विचारलं की जीभ अजून ढकलते 'मुलुंड', आणि मन मागे ओढतं.

गावच्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे. यंदा खंडेनवमीला दुपारी बारा वाजता जरा खळ्यात जाऊन उभी राहा. मी इथे फरशीवर करवत आणि कानस घेऊन बसलेला असेन. बंद दाराआडून आवाज आला, मध्ये मध्ये थांबणारा, तर घाबरू नको.

भूत नाय गं. मी.