मामांच्या राक्षसाला कुणी भीत नाही

माझ्या मामांनी जितके राक्षस जन्माला घातले तितके पुराणांनाही जमले नसतील, आणि माझ्या मामांच्या राक्षसांइतके गरीब स्वभावाचे राक्षस त्रिभुवनात कुठे सापडणार नाहीत. मामा सिनेमातले राक्षस बनवतात. ज्यांची पोस्टरं लागत नाहीत, जे थेट मोबाइलवर येतात आणि ज्यांतला हिरो एरवी चार यंत्रमागांचा मालक असतो, असले हे सिनेमे. अशा सिनेमांतले झाडून सगळे सैतान, पिशाच्च, तलावातले आणि विहिरीतले प्राणी मामांच्या दिंडोरीच्या पत्र्याच्या शेडमधून गेलेले आहेत. फक्त एवढंच, की त्यांना आजवर कुणी भ्यालं नाही.

हे वेड त्यांना लागलं कुठून, ते आधी सांगते. आमचं मूळ गाव पेठकडे, डोंगरात. भात आणि नागली पिकायची, पण वर्षभर पुरायची नाही. वैशाखात गावात बोहाडा व्हायचा. देवांची आणि दैत्यांची सोंगं मुखवटे चढवून संबळ-सनईवर रात्रभर नाचायची, ती पार उजाडेपर्यंत. एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे. आमच्या घराकडे दैत्याचा मान होता, आणि तो मुखवटा माझ्या आजोबांच्या आजोबांनी केलेला होता. पण एका पावसाळ्यात आजी अंथरुणाला खिळली, घरात दाणा नव्हता, आणि गावात आलेल्या एका शहरी पाहुण्याला तो मुखवटा दिवाणखान्याच्या भिंतीसाठी आवडला. आजोबांनी तो दिला. पावसाळा निघाला, आजी वाचली. पण पुढच्या बोहाड्याला आजोबा घराबाहेर पडले नाहीत, आणि त्यानंतर आमच्यातलं कुणीच गेलं नाही. सगळे डोंगर उतरून दिंडोरीला द्राक्षाच्या बागांवर मजुरीला आले आणि तिथलेच झाले. माझ्या आईने द्राक्षं खुडून मला बी.कॉम. केलं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे, आणि हे मी कुठेही, कुणी न विचारता सांगते.

मामांचं मात्र वेगळं. इतर लोक 'आमचे वडील तलाठी होते' असं ज्या थाटात सांगतात, त्या थाटात मामा सांगतात, "मी सोताच्या बापाला भ्यालो हाय." लहानपणी वडील मुखवटा चढवून दारात आले तेव्हा मामा नागलीच्या कणगीमागे लपले होते म्हणे. आत आपलाच बाप आहे हे ठाऊक असूनसुद्धा. तशी भीती कुणाला तरी एकदा आपण घडवलेल्या तोंडाची वाटावी, एवढीच त्यांची इच्छा. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांत चहावाल्याचे आभार असतात, पण मामांचं नाव नसतं. माझा जीव जळतो. मामांना त्याचं काही नाही. "नाव वाचायला कोन थांबतंय? एक किंकाळी आली ना, तीच माझी सही."

कागदोपत्री मामा फवारणीचे ब्लोअर दुरुस्त करतात. त्यामुळे त्यांच्या राक्षसांना द्राक्षबागेचा वास येतो. कातडी कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्यांची, शिरा ठिबकच्या नळ्यांच्या, दात प्लॅस्टिकच्या क्रेटचे आणि जीभ सायकलच्या ट्यूबची. तोंडातून धूर हवा असेल तर झुडपामागे ट्रॅक्टर उभा करून ब्लोअर सोडायचा. एकदा त्या धुरात हिरोच दिसेनासा झाला. शूटिंग थांबवून त्याला शोधावं लागलं. तो लांब बांधावर बसून शिंकत होता.

बरं, या राक्षसांचा मुलूख शेडपुरता नाही. नदीतल्या अजगराच्या पाठीवर मामी कुरडया वाळत घालते. दाराशी टांगलेल्या पंजाच्या करंगळीला दूधवाला रोज पिशवी अडकवून जातो. गल्लीतलं कुत्रं एका पिशाच्चाच्या जबड्यात व्यालं, तेव्हा पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत मामांनी ते पिशाच्च शूटिंगला दिलं नाही. दिग्दर्शकाला फोनवर सांगितलं, ते आजारी आहे.

मामांबरोबर एसटीने जायचं म्हणजे जोखीम. ते माणसं बघत नाहीत, तोंडं बघतात. एकदा नाशिकच्या गाडीत कंडक्टर तिकीट फाडत असताना मामा त्याच्याकडे एकटक बघत राहिले आणि शेवटी अदबीने म्हणाले, "साहेब, तुमचा जबडा लय चांगला हाय. माप घेऊ का?" कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी पदवीधर असूनही खिडकीबाहेर पाहिलं.

नवा राक्षस तयार झाला की त्याची पहिली परीक्षा मामीवर. मामा तो चढवून दारामागे दबा धरतात आणि मामी आत आली की झेप घेतात. मामी एवढंच म्हणते, "व्हा बाजूला, भात लागंल खाली." एका राक्षसाला तर तिने जाता जाता रॉकेल आणायला सांगितलं होतं. मग मामा शिंग काढून माझ्याकडे येतात. "तू शिकली ना एवढी? मंग सांग, मानूस भितो कशाला?" मी म्हटलं, अनोळखी गोष्टीला. मामा हातातलं शिंग फिरवत म्हणाले, "बाप तर वळखीचा होता की."

मागच्या वर्षी मात्र पाणी गळ्याशी आलं. मामांचे बहुतेक सिनेमे मालेगावचे एक दिग्दर्शक करतात. एरवी त्यांचं लग्नांच्या शूटिंगचं दुकान आहे. माणूस दिलदार, पण तोंडाने फटकळ. विहिरीतल्या प्राण्याच्या सिनेमाखाली लोकांनी 'किती गोड आहे', 'आमच्या बंटीला असाच हवा' असं लिहिलं होतं. ते मीच मामांना वाचून दाखवलं, आणि मामा दोन दिवस जेवले नाहीत. त्यावर हे दिग्दर्शक घरी आले, अजगरावरच्या कुरडया सरकवून बसले आणि म्हणाले, "मामू, आप को बुरा लगेगा. मगर मेरी अम्मी ने पिक्चर देखी, और बोली, बेचारे को कोई खाना दो. इस बार पब्लिक भागी नहीं, तो अगला राक्षस कम्प्यूटर से. पुण्यात एक पोरगा आहे, घरबसल्या करून देतो."

मामांनी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर फोमचे सगळे तुकडे गोळा करून माळ्यावर टाकले. मग बोहाड्याच्या मुखवट्याला लागते तशी चिंचोक्याची खळ शिजवली, रद्दी भिजवून तिचा लगदा केला आणि शेडचं दार लावून घेतलं. पहिल्यांदाच त्यांनी ना कुणाच्या जबड्याचं माप घेतलं, ना मामीवर परीक्षा केली. मामी काळजीत पडली. न घाबरण्याचीही सवय होते माणसाला.

शूटिंगला फुकटात डोंगर आणि फुकटात गाव हवं होतं, म्हणून मामांनी आमचंच गाव सुचवलं. किती वर्षांनी आम्ही तिथे जात होतो. आई, मामी, मी, आणि गावातल्या बायाबापड्या मिळून पब्लिक झालो. दिग्दर्शकांनी खुर्चीवर चढून समजावलं, राक्षस त्या आंब्यामागून येईल, तो दिसला की ओरडायचं आणि ओढ्याकडे पळत सुटायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोनदा पळून दाखवलं. एका आजीबाईंनी तर सगळ्यांच्या पुढे नंबर काढला.

आंब्यामागे मामा तयार होत होते. मुखवट्याला त्यांनी कुंकू लावलं, हात जोडले आणि तो चढवला. एकदा तो चढला की बोलायचं नसतं, असा बोहाड्याचा नेम आहे. त्यामुळे दिग्दर्शक "मामू, रेडी?" असं विचारत राहिले आणि मामा उभे राहिले. शेवटी 'ॲक्शन' झालं आणि मामा निघाले. ते सिनेमातल्या राक्षसासारखे हात पसरून धावले नाहीत. दोन पावलं पुढे, एक मागे, मान डावीकडे झटकून. संबळ नव्हता, तरी त्यांचे पाय तो ऐकत होते.

कुणी ओरडलं नाही. कुणी पळालंही नाही. माझ्या शेजारी आईने चपला काढल्या आणि डोक्यावर पदर घेतला. "आबांचं सोंग हाय," ती म्हणाली; आबा म्हणजे माझे आजोबा. मग एकेकाने चपला काढल्या. पळण्यात पहिल्या आलेल्या आजीबाई घरात शिरल्या आणि हळदकुंकू, पेटता दिवा असलेलं ताट घेऊन थेट राक्षसासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मामांच्या पायांवर पाणी घातलं आणि मुखवट्याला ओवाळलं. 

दिग्दर्शक डोक्याला हात लावून खुर्चीवर बसले. मग उठून आले आणि काकुळतीने म्हणाले, "आजी, भागने का था ना?"

आजीबाई त्यांच्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "भ्याव तं लय वाटलं बाबा. पन सोंगातल्या देवाला पाठ दावून कोन पळंल?"

मामांनी ते मुखवट्याच्या आतून ऐकलं. ते हलले नाहीत. संध्याकाळी मुखवटा उतरवला तेव्हा चेहरा ओला होता. आत उकडतं लय, म्हणाले.

कॅमेरा चालूच होता, म्हणून तो प्रसंग तसाच सिनेमात राहिला. राक्षस येतो आणि गाव त्याला ओवाळतं. मालेगावला पडदा लावून सिनेमा दाखवला तेव्हा या जागी अख्खा जमाव गप्प झाला. शिट्टीसुद्धा नाही. दिग्दर्शकांच्या अम्मींनी या वेळी कुणाला जेवायला घालायला सांगितलं नाही. त्यांनी ओढणी सारखी केली आणि लेकाचा हात धरला. परत येताना दिग्दर्शक मला म्हणाले, कम्प्यूटरवाल्याला नाही म्हणून कळवलंय. पाट्यांत मामांचं नाव याही वेळी राहून गेलं होतं. त्याबद्दल त्यांनी कान पकडले.

यंदा वैशाखात गावचे पाटील शेडवर आले. बोहाड्यात दैत्याची जागा इतकी वर्षं रिकामी ठेवलीय, म्हणाले. मान तुमच्या घराचा, दुसऱ्याला कसा देणार? मामी रडली आणि तिचा भात खरंच लागला.

बोहाड्याच्या रात्री, उजाडता उजाडता, सगळ्यात शेवटी दैत्य निघाला. संबळ कडाडला. गर्दीच्या कडेला आईच्या कमरेवर बसलेल्या एका पोरीने मामांना पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की सनईवाल्याचा सूर चुकला. पोरगी आईच्या पदरात शिरली, तिथून एक डोळा काढून बघत राहिली.

मामा मुखवट्याच्या आत हसले की रडले, कळलं नाही. मुखवटा चढवल्यावर बोलायचं नसतं. पण त्यांची चाल क्षणभर चुकली, एवढं मी पाहिलं.

आमच्या घरचं सोंग परत गावात नाचलं.