दोन्ही टोकांना पिना

माझ्या सासऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. जनरेटर घरात आल्यावर तर उरलंसुरलं बोलणंही भांडणातच व्हायला लागलं.

सासरे फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. वडूजजवळच्या आमच्या गावात त्यांच्या शब्दाला मान होता आणि तो मान घरात ते रोज वसूल करायचे. मी सांगलीची. वडिलांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून लग्नाआधी चार वर्षं मी त्या दुकानात काम केलेलं. सासरी आल्यावर ते सगळं एका वाक्यात मोडीत निघालं. "बाईनं वायरीत हात घालायचा न्हाई," मामा म्हणाले. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, सासूबाईंना आत्याबाई. नवरा जम्मूकडे पोस्टिंगवर होता. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "ते म्हणतील तसं कर."

सासूबाईंची फुफ्फुसं चुलीच्या धुरानं खराब झाली होती. डॉक्टरांनी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन घरी लावायला सांगितलं. ते विजेवर चालणारं, आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. अडीअडचणीला म्हणून एक छोटा सिलिंडर कॉटखाली असायचा, पण तो किती पुरणार? म्हणून जनरेटर आला. त्याला माझा विरोध नव्हता. तो बसवला कसा, यावर होता.

मामांनी तो मागच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून ठेवला.

"मामा, धूर सगळा आत येतोय," मी म्हणाले. "त्यात विषारी वायू असतो, त्याला वासही नसतो. आत्याबाईंना आधीच श्वास पुरत नाही."

"आन् भाईर ठिवून कुणी उचलून न्हेला म्हंजे?"

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. एका वायरीच्या दोन्ही टोकांना त्यांनी पिना बसवल्या. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी पडवीतल्या सॉकेटमध्ये, की घरभर लाइट. मी पुन्हा तोंड उघडलं. मेन स्विच पाडायचा राहिला तर हाच करंट उलटा बाहेर खांबावर जाईल, चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, मग घराला एका वेळी एकच लाइन मिळेल, बाहेरची नाहीतर जनरेटरची.

"मी मेन पाडतो की! पलटणीत घराएवढी जनसेट चालवलीत मी. तू मला शिकवती व्हय? सांगलीचं शानपण सांगलीत ठेव."

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा राग मला अजून येतो.

वैशाखातली दुपार होती. वळवानं झोडपलं, बाभळीची फांदी लाइनवर पडली आणि आमच्या खांबापलीकडे तार तुटली. मी गच्चीवर कुरडया गोळा करत होते. खाली जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला.

पाऊस थांबून तासभर झाल्यावर पुन्हा वर गेले, तर सहज शेजारच्या गोठ्याकडे लक्ष गेलं. आतला बल्ब तांबूस पेटलेला. शेजाऱ्यांकडे इन्व्हर्टर नाही, जनरेटर नाही, आणि त्यांचं कनेक्शन आमच्याच खांबावरून. एका क्षणात लक्षात आलं, आमचाच करंट उलटा खांबावर गेला होता. खांबाकडे पाहिलं तर लाइनमन कमरेला दोर बांधून वर पोचत आलेला. त्यानं डीपीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या पेटीतले फ्यूज काढलेले असणार, त्याच्या हिशेबानं लाइन मेलेली होती.

"हात लावू नका! लाइन चालू आहे! थांबा!"

इतक्या जोरात मी आयुष्यात ओरडले नव्हते. त्यानं हात मागे घेतला. तारेपासून वीतभर अंतर राहिलं असेल. मी जिना उतरून पडवीत गेले, जनरेटर बंद केला, तशीच पुढच्या सोप्यात धावले आणि सासूबाईंची नळी सिलिंडरला जोडली. त्यांच्या कॉटसमोरच मीटरचा बोर्ड होता. मेन स्विच चालू होता.

लाइनमन चिखलाच्या पायांनी सोप्यात आला. 

"सुभेदार, मी चिकटलो असतो की! माज्या घरी कोण बगणार व्हतं?"

मामा दारात उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी मेन पाडला व्हता. हिनं चढवला आसंल. हिला लय सवय हाय बोर्डाला हात लावायची."

  तेवढ्यात कॉटवरून सासूबाईंचा आवाज आला. एकेका शब्दाला त्या दम घेत होत्या.

"तिनं न्हाई. तुमी... बोर्डाकडं आलाच न्हाई. मी हितंच... बगत व्हते."

 मी पडवीत जाऊन ती वायर दोन्हीकडून काढली, पक्कड आणली आणि मामांच्या समोर तिचे तीन तुकडे केले.

"तू माज्या बायकोच्या जिवावर उठलीस," ते म्हणाले.

"तुम्ही कुणाच्या जिवावर उठला होता, ते आधी बघा," मी म्हणाले.

लाइनमननं तार जोडली आणि पाणीसुद्धा न घेता गेला.

चार दिवसांनी मामांनी साताऱ्याहून वायरमन आणला. त्यानं चेंजओव्हर बसवला, वेगळं अर्थिंग केलं, घरापासून लांब कट्टा बांधून घ्यायला सांगितला. वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या, धुराचं तोंड शेताकडे, इंजिन गार झाल्याशिवाय पेट्रोल ओतायचं नाही. माझ्याच तोंडची वाक्यं. मामा त्याला "व्हय, व्हय" म्हणत होते. कट्ट्याला साखळी अडकवायला कडीही बसवून घेतली, म्हणजे चोरीचा प्रश्नही तेवढाच होता.

सुट्टीवर आलेल्या नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी विषय काढला. "वडील माणूस आहे. वायर तोडायला नको होती. एकदा पाया पड, मिटवून टाक."

"माझ्यावर खोटा आळ घातला त्याचं काय?"

"त्या वेळी घाबरले असतील."

"मग तसं त्यांनी मला सांगावं."

तो चिडला, मी चिडले. सासूबाईंनी कॉटवरून दोघांना गप्प केलं. सुट्टीचे राहिलेले बारा दिवस आम्ही एकाच घरात, एकमेकांशी न बोलता काढले. जाताना त्यानं बॅग स्वतःच भरली.

आता लाइट गेली की चेंजओव्हरचा दांडा मीच फिरवते. मामा तेव्हा उठून अंगणात जातात. परवा पारावर ते कुणाला तरी सांगत होते, चेंजओव्हरशिवाय जनसेट लावू नका, पलटणीत आमाला हे पयलं शिकवत्यात. मी दळण घेऊन तिथून येत होते. थांबले, त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. त्यांनी मान फिरवली आणि बोलणं तसंच पुढं चालू ठेवलं.